गाडी चालू आहे हे हातापायाला कळायला पाहिजे: ई-कारची कंट्रोल्स आन ड्रायव्हरच्या चुका

लातूरच्या एका पोरानं विचारलंय, थोडक्यात असं: वडिलांनी आयुष्यभर गिअरची मारुती चालवली, आता ई-कार घेतली, आन पंधरा दिवसांतच घरापुढं लावताना गाडी गेट तोडून ओसरीपर्यंत गेली. कोणाला लागलं नाही हे नशीब. सर्व्हिसवाले म्हणतात गाडीत दोष नाही, वडील म्हणतात मी ब्रेकच दाबला होता. पोरगा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्याला याच्यावर प्रोजेक्ट करायचाय, म्हणून विचारतोय की चूक कोणाची आन कंट्रोल्स कशी केली तर असं होणार नाही.

मी वाळूजला पेडल आन शिफ्टर बनवणाऱ्या एका सप्लायरकडं बरीच वर्षं काढलीयेत, त्यामुळं या विषयावर जरा जास्तच बोलतो, सांभाळून घे.

पहिलं तर वडिलांशी वाद घालू नको. ते खोटं बोलत नाहीयेत, आन सर्व्हिसवालेही बहुतेक खरंच बोलतायत. ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला गेला की माणसाला आतून शंभर टक्के वाटत असतं पाय ब्रेकवरच आहे, गाडी थांबेना म्हणून तो अजून जोर लावतो, गाडी अजून पळती, आन हे सगळं दोन-तीन सेकंदात उरकतं. अमेरिकेत १९८६ च्या सुमारास ऑडी ५००० वर असाच बोभाटा झाला, गाडी आपोआप पळते म्हणून टीव्हीवर आलं, विक्री झोपली, मग १९८९ मधे तिथल्या रस्ता सुरक्षा खात्याचा रिपोर्ट आला की बहुतेक केसेस पेडल चुकल्याच्या आहेत. पण ड्रायव्हरवर शिक्का मारून विषय तिथंच मिटला नाही. ब्रेक दाबल्याशिवाय पी मधून (म्हणजे पार्कमधून) गिअर निघूच नये असं लॉक त्या काळात गाड्यांत आलं, आज कुठल्याही ऑटोमॅटिक गाडीत ते असतंच. म्हणजे चूक माणसाची असली तरी इलाज गाडीत झाला. मला तरी दुसरा इलाज माहीत नाही.

आता तुझ्या वडिलांच्या पायाचं बघू. गिअरच्या गाडीत पार्किंग आपण क्लचवर करतो, हाफ क्लच सोडत सोडत गाडी सरकवायची, उजवा पाय निवांत ब्रेकवर. आन चुकलंच काही तर गाडी गचका खाऊन बंद पडते. ही बंद पडण्याची सोय केवढी मोठी होती ते ती गेल्यावर कळतं. ई-कारची मोटर बंद पडत नाही आन शून्य स्पीडलाच पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, देते, इंजिनासारखं आधी घुरघुरून मग पळणं नाही. वरतून डाव्या पायाला काम नाही, म्हणजे सरकवायचं आन थांबवायचं दोन्ही एकट्या उजव्या पायावर आलं.

त्यात लातूर काय, बीड काय, नांदेड काय, आपल्या घरांपुढं नालीवर उताराचा रॅम्प असतोच. चाक रॅम्पला टेकलं की गाडी थबकते, माणूस ॲक्सिलरेटर दाबतो, चाक वर चढतं, आन चढल्याबरोबर तेवढ्याच दाबावर गाडी उसळी मारून गेटकडं जाते, कारण चढायला लागणारा जोर आता मोकळा झाला. त्या क्षणी पाय उचलून ब्रेकवर नेण्याऐवजी घाबरून आहे तिथंच दाबला जातो. मी तिथं नव्हतो, पण पैज लावायची तर मी यावर लावीन.

याला डिझाइनमधे दोन इलाज आहेत आन दोन्ही स्वस्त आहेत. एक म्हणजे क्रीप, म्हणजे ब्रेक सोडला की गाडीनं आपोआप हळू चालायला लागणं. काही कंपन्या क्रीप ठेवतात, काही काढून टाकतात कारण एका पेडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडूनच गाडी थांबवत, चालवणाऱ्यांना ते नको असतं. माझं स्पष्ट मत आहे की गाडी दुकानातून निघताना क्रीप चालूच पाहिजे. क्रीप असला की पार्किंगमधे पाय ब्रेकवर राहतो, ब्रेक कमी-जास्त करूनच काम भागतं. क्रीप नसला की इंच-इंच सरकवायलाही पाय ॲक्सिलरेटरवर ठेवावा लागतो, मग दचकल्यावर तो दाबणार काय, जे पायाखाली आहे तेच. दुसरा इलाज सॉफ्टवेअरचा. चालण्याच्या स्पीडपर्यंत पेडलचा अर्थ 'इतका टॉर्क दे' असा न ठेवता 'इतका स्पीड दे' असा ठेवायचा. मग रॅम्प चढताना कंट्रोलर टॉर्क वाढवतो आन चाक वर आलं की स्वतःच कमी करतो, उसळी येत नाही. इंजिनात हे जमवणं जिकिरीचं होतं, इलेक्ट्रिक मोटरला तर स्पीड धरून ठेवणं हा हातचा मळ आहे, पण खूप ठिकाणी ते केलेलं नसतं कारण टेस्ट ट्रॅकवर नालीचा रॅम्प नसतो.

याच्या पुढचा टप्पा म्हणजे समोर भिंत किंवा गाडी असताना पेडल दाणकन दाबलं तर टॉर्क कापणं. जपानमधे २०१९ मधे टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या एका आजोबांनी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला, एक आई आन तिची लहान मुलगी गेली, देश हादरला. आता यूएनचा १७५ नंबरचा नियम याच पेडल चुकीसाठी आलाय, आन जपान नव्या ऑटोमॅटिक गाड्यांना हे सप्टेंबर २०२८ पासून बंधनकारक करतंय. आपल्याकडं लावायचं तर डोकं वापरून लावावं लागेल. सेन्सरवर धूळ-चिखल असतो, समोर कडब्याची पेंढी असली तरी त्याला भिंत वाटू शकते, आन बाजाराच्या दिवशी तर चारी बाजूंनी माणसंच असतात. माझ्या मते नियम असा पाहिजे: टॉर्क कापायचा, आवाज द्यायचा, आन माणसानं पाय पूर्ण उचलून परत दाबला तर मात्र त्याचं ऐकायचं. घाबरलेला माणूस पाय उचलत नाही, खरंच पुढं जायचं असलेला उचलतो. एवढ्या एका फरकावर खोटे अलार्म बरेच कमी होतात.

आता पेडलपेक्षा मोठा विषय. माझ्या अनुभवात ई-कारमधल्या निम्म्याहून जास्त चुकांचं मूळ एकच असतं, गाडी आपली अवस्था लपवते. चालू आहे का बंद, डी मधे (ड्राइव्ह) आहे का पी मधे, रिजेन (पाय उचलल्यावर मोटरच वीज बनवत गाडीला ओढून धरते ते) किती लागलंय, हे सगळं एका छोट्या अक्षरावर सोडून दिलेलं असतं. इंजिनाची थरथर, आवाज, गिअरच्या दांड्याची जागा, यातून माणसाला न बघता कळायचं, ते सगळं गेलं आन बदल्यात मिळालं काय, तर स्क्रीनच्या कोपऱ्यातलं एक हिरवं 'रेडी'. शेतातल्या मोटरच्या ऑटोस्विचसारखं आहे हे. लाइट गेलेली असते, माणूस विसरतो की स्टार्टर ऑटोवर आहे, विहिरीत उतरून पाइप हातात धरतो आन वर लाइट येते.

नमुना बघ. मालक संध्याकाळी घरी येतो. वॉचमन-बिचमन आपल्याकडं कुणाकडं असतो, गेट उघडायला स्वतःलाच उतरावं लागतं. ऑटो होल्ड (थांबल्यावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारं) लागलेलं, गाडी डी मधे, पाय उचलला तरी गाडी गपगुमान उभी, आवाज शून्य. त्याच्या डोक्यात गाडी 'बंद' झाली. बेल्ट काढला, दार उघडलं, उतरला. इथून पुढं काय होतं ते पूर्णपणे डिझाइन करणाऱ्याच्या हातात आहे. चांगल्या गाडीत दार उघडणं, बेल्ट निघणं आन ब्रेकवर पाय नसणं हे जुळलं की गाडी स्वतः पी मधे जाते आन हँडब्रेक लावते. वाईट गाडीत नुसतं टुंग-टुंग वाजतं, आन तोवर माणूस बोनेटच्या पुढं पोचलेला असतो. नियम काय मागतो, तर चालू अवस्थेत गाडी सोडून जाताना ड्रायव्हरला दिव्यानं किंवा आवाजानं कळवा. ई-गाड्यांच्या सुरक्षेचा आपला नियम एआयएस-०३८ आन त्याचा मूळ यूएन आर१०० दोन्हीत हे आहे. पण 'कळवा' आन 'अडवा' यात फरक आहे, नियमात बसलं म्हणजे झालं असं समजू नको.

बरं, हे लॉजिक लिहायला बसलं की आपल्या लोकांची खरी कला दिसते. निव्वळ बेल्टच्या सिग्नलवर विसंबलं तर? आपल्याकडं बेल्टचा अलार्म बंद करायला बकलमधे नुसती खोटी क्लिप खोचून ठेवतात. २०२३ मधे ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन विकणाऱ्या पाच कंपन्यांना ती विक्री थांबवायला लावली, तरी गल्लीतल्या ॲक्सेसरीच्या दुकानात मिळतच असंल. ती क्लिप असली की गाडीला वाटतं माणूस बसलेलाच आहे. निव्वळ दारावर विसंबलं तर? दार अर्धं उघडून, मान बाहेर काढून, मागं बघत रिव्हर्स घेणारे आपल्याकडं ढीगभर, त्यांची गाडी मधेच झटका देऊन पी मधे गेली तर ते दुसऱ्याच दिवशी शोरूमला येऊन शिव्या देतात आन ते फीचरच बंद करून मागतात. म्हणून सीटखालचा वजनाचा सेन्सर, दार, ब्रेक आन बेल्ट असं सगळं मिळून मतदान घ्यावं लागतं, त्यात बेल्टचं मत सगळ्यात हलकं. हा तक्ता बनव प्रोजेक्टमधे: प्रत्येक सेन्सर खोटं बोलला तर गाडी काय करंल. मास्तर खुश होतील आन तुलाही बरंच कळंल.

शिफ्टरकडं येऊ, माझा पोटापाण्याचा विषय. पूर्वी दांडा जिथं आहे तिथं गिअर आहे, अंधारातही हात लावून कळायचं. आता दांडा ढकलला की तो स्प्रिंगनं परत मधे येतो, हाताला सगळे गिअर सारखेच. जीप ग्रँड चेरोकीच्या २०१४-१५ च्या मॉडेलमधे असाच शिफ्टर होता, लोकांना वाटायचं पी लागला, उतरायचे आन गाडी घरंगळायची. एप्रिल २०१६ मधे त्या आन त्याच्या भावंड मॉडेलच्या मिळून अकरा लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या, आन दोनच महिन्यांनी अँटन येल्चिन हा नट स्वतःच्या घरापुढच्या उतारावर घरंगळलेल्या त्याच मॉडेलच्या गाडी आन खांबाच्या मधे चिरडून गेला. गाडी पेट्रोलची होती का कशाची हा मुद्दाच नाही, आज बहुतेक ई-कारमधे शिफ्टर याच जातीचा असतो, मग तो दांडा असो, गोल नॉब असो की स्टिअरिंगमागची काडी असो. इलाज पण तोच निघाला, दार उघडलं की आपोआप पार्क.

गोल नॉबवर माझा जुना राग आहे. दोन्ही टोकांना अडणारा नॉब असंल तर ठीक, पण गरगर फिरणारा असंल तर माणूस घाईत दोन खटके जास्त फिरवतो आन वर बघतो कुठं आलं ते. त्याच्याच शेजारी एसीचा, आवाजाचा तसाच गोल नॉब ठेवणाऱ्याला तर काय म्हणावं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ बॉम्बरमधे चाकांचं आन फ्लॅपचं (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्यांचं) बटण शेजारी-शेजारी, एकसारखं होतं, उतरल्यावर पायलट फ्लॅपऐवजी चाकंच आत घ्यायचे आन विमान पोटावर बसायचं. अल्फोन्स चापानिस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं एकाला चाकाच्या आकाराची मूठ लावली, दुसऱ्याला पाचरीसारखी, आन तो घोळ संपला. विमानात आजही चाकांचा दांडा चाकाच्याच आकाराचा असतो. ऐंशी वर्षं होऊन गेली तरी कार डिझाइनवाले शोभेसाठी सगळी बटणं एकसारखी चपटी करतात. लिंकन एमकेसी या अमेरिकन गाडीत २०१४ ला स्टार्ट-स्टॉपचं बटण स्क्रीनच्या कडेला, स्पोर्ट मोडच्या बटणाजवळ ठेवलं होतं, लोक चालत्या गाडीत इंजिन बंद करायला लागले, शेवटी गाड्या परत बोलावून बटण हलवलं.

काडीवरच्या गिअरचा आपल्याकडचा वेगळाच त्रास आहे. मारुती, ह्युंदाई, टाटा यांचा इंडिकेटर स्टिअरिंगच्या उजवीकडं, युरोपियन पद्धतीच्या गाड्यांचा डावीकडं. आपल्या शेंद्र्याला बनणारी स्कोडा डावीकडची, म्हणून संभाजीनगरात तरी लोकांना दोन्ही ठाऊक. पण ज्या ई-कारमधे उजव्या काडीवर गिअर आहे तिथं मारुतीतून आलेला माणूस सिडकोच्या चौकात वळताना सवयीनं उजवी काडी खाली-वर करतो. पुढं जाताना आर (रिव्हर्स) मागितला तर गाडी ऐकत नाही, तेवढं सगळेच करतात, पण एन (न्यूट्रल) लागू शकतो आन भर चौकात गाडीचा जोर जातो. म्हणून चालत्या गाडीत एन पाहिजे तर काडी एक सेकंद धरून ठेवावी लागली पाहिजे, नुसत्या टिचकीकडं दुर्लक्ष. आन टिचकी मारल्यावर 'गिअर बदलला नाही' असं दिसायला पाहिजे, नाहीतर तो परत परत मारत बसतो.

रिजेनबद्दल एक सांगतो, कारण हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. बॅटरी पूर्ण भरलेली असली की गाडीला ब्रेकिंगची वीज ठेवायला जागा नसते, त्यामुळं रिजेन कमी होतं नाहीतर लागतच नाही. म्हैसमाळला रात्रभर मुक्काम केला, गाडी शंभर टक्के चार्ज केली, सकाळी घाट उतरायला लागला. रोज ज्या माणसाला पाय उचलला की गाडी हळू झालेली कळते, त्यानं पहिल्या वळणाला पाय उचलला आन गाडी हळू होईना. गाडीत बिघाड काहीच नाही, पण माणूस दचकतो, आन दचकलेला पाय कुठं पडंल ते वर सांगितलंच. बरोबर डिझाइन असं की रिजेन नसलं तरी पाय उचलल्यावर तेवढीच ओढ साध्या ब्रेकनं द्यायची, पायाला फरक कळताच कामा नये. ते जमत नसंल तर निदान घाट लागायच्या आधी, गाडी सुरू करतानाच ठळक सांगा की आज रिजेन कमी आहे.

पूर्ण थांबेपर्यंत एकाच पेडलवर चालवणं लोकांना आवडतं, मलाही गावात आवडतं, पण ते मूळ सेटिंग असू नये. महिनोन् महिने ब्रेकला पायच न लावणाऱ्याचा पाय ब्रेकचा रस्ता विसरतो. चीननं २०२६ पासूनच्या ब्रेकच्या नियमात हेच धरलंय, गाडी सुरू होते तेव्हाच्या सेटिंगमधे नुसता ॲक्सिलरेटर सोडून गाडी पूर्ण थांबायला नको. आपल्या घरात तर एक गाडी आन चालवणारे तिघं: वडील, पोरगा, अधूनमधून पगारी ड्रायव्हर. पोरानं रात्री रिजेन फुल आन स्पोर्ट करून ठेवलं, सकाळी वडील बसले. स्पोर्ट मोड गाडी बंद केल्यावर विसरला जायला पाहिजे यावर माझा हट्ट आहे. आन जोरात रिजेन लागलं की मागचे ब्रेकलाइट लागायला पाहिजेत, यूएनच्या नियमात १.३ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर ते सक्तीचंच आहे, नाहीतर मागून येणाऱ्या ट्रॅव्हल्सवाल्याला कसं कळणार.

टचस्क्रीनवर जास्त लिहीत नाही, सगळेच लिहितात. काळ्या रानातले आपले रस्ते पाऊस सरला की वर-खाली होतात, त्या हेलकाव्यात स्क्रीनवरच्या नखाएवढ्या बटणावर बोट मारून बघ, मग कळंल. २०१७ मधे अमेरिकन नौदलाची जॉन एस. मॅकेन ही विनाशिका सिंगापूरजवळ तेलवाहू जहाजाला धडकून दहा नौसैनिक गेले, त्यात टचस्क्रीनवरच्या कंट्रोलचा गोंधळ हे एक कारण निघालं, नौदलानं नंतर थ्रॉटल, म्हणजे वेगाचा कंट्रोल, परत दांड्यावर आणायचं ठरवलं. गाड्यांना सुरक्षेचे गुण देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेनंही २०२६ पासून इंडिकेटर, हझार्ड, हॉर्न, वायपर आन इमर्जन्सी कॉल याला खरीखुरी बटणं नसतील तर गुण कापायचं ठेवलंय. मी त्यात हेडलाइट आन काचेवरचं धुकं काढायचं बटण घातलं असतं.

आता तुझं काम. सर्व्हिस सेंटरला लेखी विचार की धडकेच्या वेळी ॲक्सिलरेटर पेडल किती टक्के दाबलेलं होतं आन ब्रेकचा स्विच लागला होता का, बऱ्याच गाड्यांच्या कंट्रोलरमधे ही नोंद राहते. पेडलमधे दोन वेगळे सेन्सर असतात, दोघांचं जुळलं नाही तर गाडी जोर काढून घेते, त्यामुळं नोंदीत दोन्ही सरळ वर गेलेले दिसले तर पायच होता असं समज. वडिलांना तो आकडा दाखवायचा का नाही ते तू ठरव.

गाडीत क्रीपचं सेटिंग असंल तर चालू कर, रिजेन सगळ्यात खालच्या लेवलला ठेव, स्पोर्टला हात लावू नको. ड्रायव्हरकडच्या पायपुसण्यावर दुसरं रबरी पायपुसणं टाकलं असंल तर काढ, आन पाण्याची बाटली दाराच्या कप्प्यातच, सीटखाली नाही, ती घरंगळून ब्रेकखाली जाते. वडील सैल चप्पल घालून चालवतात का बघ. मग एक रविवार त्यांना मोकळ्या मैदानात ने आन फक्त पार्किंग करायला लाव, दर वेळी पाय ॲक्सिलरेटरवरून उचलून ब्रेकवर नेऊन थांबवायचं, नुसता उचलून नाही. आन रॅम्पवर गाडी चढवायची असंल तेव्हा तू गेट आधीच सताड उघडून बाजूला उभा राहा, पुढं नको.